कात्रजचा नळ, साडेअकराचा फोन आणि ‘नेट स्लो आहे’

कात्रजच्या तलावापासून शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणणारा नळ अठराव्या शतकात, नानासाहेब पेशव्यांच्या काळात बांधला गेला. पंप नाही, मोटार नाही. जमिनीखालून नुसत्या उतारावर पाणी पेठांमधल्या हौदांपर्यंत यायचं. या नळाला अंतराअंतरावर विहिरीसारखी तोंडं आहेत. त्यांना ‘उच्छ्वास’ म्हणतात. हवा खेळती राहावी आणि माणसाला आत उतरून गाळ काढता यावा, ही त्यांची सोय. माझ्यासारख्याला त्यात आणखी एक सोय दिसते. हौदात पाणी आलं नाही, तर अख्खा नळ उकरायचा नाही. मधला एक उच्छ्वास उघडायचा. इथपर्यंत पाणी आहे? मग घोळ पुढं. नाही? मग मागं.

मी गेली वीसेक वर्षं पुण्यात आणि आसपास छोट्या-मध्यम ऑफिसांचे सर्व्हर सांभाळतो. बीसीएस किंवा डिप्लोमा करून नवीन मुलं कामाला लागतात, तेव्हा त्यांच्याकडं नेटवर्किंगचं एक, स्टोरेजचं एक, व्हर्च्युअलायझेशनचं एक अशी वेगवेगळी सर्टिफिकेटं असतात. काम मात्र असं कप्पे करून येत नाही. काम येतं ते असं: सकाळचे साडेअकरा, फोन, भोसरीच्या एका कारखान्यातलं अकाउंट्स. “सर, नेट स्लो आहे. एक व्हाउचर सेव्ह व्हायला चाळीस सेकंद लागतायत.”

त्यांचं अकाउंटिंग चालतं ऑफिसातल्याच सर्व्हरवर. इंटरनेटचा त्यात काडीचा संबंध नाही. पण गल्लीत काहीही बिघडलं की आपण जसं ‘कॉर्पोरेशन’ला बोल लावतो, तसं ऑफिसात काहीही अडलं की ते ‘नेट’. त्यांना दोष नाही. ते व्हाउचर खरोखर कुठून कुठं जातं, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

तर जातं ते असं. पीसीवरून केबलने स्विचमध्ये, म्हणजे सगळ्या केबली जिथं एकत्र येतात त्या डब्यात, तिथून सर्व्हरच्या नेटवर्क कार्डात, त्याच्या आत एका खोट्या स्विचमध्ये, त्यातून एका खोट्या मशीनमध्ये, त्या मशीनच्या खोट्या डिस्कवर आणि सगळ्यात शेवटी खऱ्या, गरगर फिरणाऱ्या डिस्कवर. एकच नळ आहे. नेटवर्क, व्हर्च्युअलायझेशन आणि स्टोरेज ही त्याच्या तीन टप्प्यांची नावं. आणि माझा अनुभव असा, की पाणी टप्प्याच्या मध्यावर क्वचितच अडतं. ते अडतं जोडावर.

पत्ता, हाक आणि वॉचमन

नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला एक आयपी पत्ता असतो. नेहमीचा (आवृत्ती ४ चा) आयपी पत्ता म्हणजे ३२ बिटांचा एक आकडा. आपल्या सोयीसाठी त्याचे चार तुकडे करून लिहितात, १९२.१६८.१०.२० असा. ३२ बिटांत साधारण ४२९ कोटी पत्ते बसतात. जगातल्या यंत्रांना ते पुरणार नाहीत हे लवकरच कळलं, म्हणून १९९६ च्या एका मानकात तीन पट्टे खासगी वापरासाठी राखून ठेवले: १० ने सुरू होणारे सगळे, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे आणि १९२.१६८ चे. हे पत्ते फ्लॅट नंबरासारखे आहेत. ‘३०१’ कोथरूडच्या सोसायटीतही आहे आणि हडपसरच्याही. बाहेरच्या जगाला सोसायटीचा पत्ता पुरतो. कुठलं पार्सल कुणाच्या घरी द्यायचं, ते गेटवरच्या वॉचमनच्या वहीत असतं. ही वही म्हणजे नॅट, आणि वॉचमन म्हणजे तुमचा राउटर किंवा फायरवॉल.

आता सबनेट मास्क. मुलं इथं बिचकतात, कारण त्यांना बायनरीच्या गणितापासून शिकवलेलं असतं. मास्क एकाच प्रश्नाचं उत्तर देतो: समोरचा माझ्याच सोसायटीतला आहे की बाहेरचा? आतला असेल तर गॅलरीतून हाक मारायची, “अहो, १०.२० कोण?” ज्याचा तो पत्ता आहे तो आपला मॅक पत्ता सांगतो, म्हणजे कार्डावर कारखान्यातच कोरलेला ४८ बिटांचा आकडा. या हाकेला एआरपी म्हणतात. समोरचा बाहेरचा असेल तर हाक मारून उपयोग नाही. पार्सल गेटवर, म्हणजे गेटवेकडं, नेऊन द्यायचं.

मास्क २५५.२५५.२५५.० असेल तर २५६ पत्ते एका सोसायटीत. पहिला आणि शेवटचा सोडून वापरायला २५४. मास्क २५५.२५५.२५५.१९२ केला तर त्याच जागेत ६४-६४ च्या चार सोसायट्या होतात. आता समजा सर्व्हर १९२.१६८.१०.७० वर, म्हणजे दुसऱ्या सोसायटीत आहे. तुमचा पीसी १०.२० वर, पहिल्या सोसायटीत, पण कुणीतरी त्याला जुनाच, २५५.२५५.२५५.० हा मास्क ठेवलाय. पीसीला वाटतं, सर्व्हर आपला शेजारीच. तो गॅलरीतून हाक मारत राहतो. भिंतीपलीकडं हाक पोचत नाही, कुणी ओ देत नाही. गंमत म्हणजे त्याच पीसीवर इंटरनेट झकास चालतं, कारण बाहेरचे पत्ते त्याला बाहेरचेच वाटतात. “नेट चालतंय पण सर्व्हर दिसत नाही” असं कुणी म्हणालं, की मी आधी मास्क बघतो.

आणखी एक खूण लक्षात ठेवा. मशीनचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्याला डीएचसीपीकडून, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून, पत्ता मिळालेला नाही आणि त्याने आपल्या मनानेच एक घेतलाय. केबल, स्विचचा पोर्ट, व्हीलॅन, डीएचसीपी सर्व्हर या क्रमाने बघत जा.

व्हीलॅन म्हणजे एकाच स्विचच्या आत भिंती घालणं. अकाउंट्स एका खोलीत, सीसीटीव्ही दुसऱ्या, पाहुण्यांचं वायफाय तिसऱ्या. प्रत्येक फ्रेमवर, म्हणजे केबलमधून जाणाऱ्या डेटाच्या गठ्ठ्यावर, १२ बिटांची एक चिठ्ठी लागते, त्यामुळं जास्तीत जास्त ४०९४ व्हीलॅन होतात. कुठल्याही मध्यम ऑफिसाला जन्मभर पुरतील. दोन स्विचमधली जी केबल अनेक व्हीलॅनची रहदारी वाहते तिला ट्रंक म्हणतात. या ट्रंकवर कुठल्या चिठ्ठ्यांना परवानगी आहे, हे हाताने लिहावं लागतं. हा जोड आहे, लक्षात ठेवा. पुढं लागणार आहे.

लूपची गोष्ट सांगितल्याशिवाय नेटवर्क सोडवत नाही. खंडेनवमीला ऑफिसात यंत्रांची पूजा. आदल्या दिवशी साफसफाई झाली, आणि एका लोंबकळणाऱ्या पॅच कॉर्डचं टोक कुणीतरी व्यवस्थितपणाच्या हौसेनं स्विचच्या रिकाम्या भोकात खोचलं. दुसरं टोक त्याच स्विचमध्ये होतं. पाच मिनिटांत मजल्यावरचे सगळे फोन, प्रिंटर, पीसी ठप्प. कारण असं, की आयपी पाकिटावर आयुष्याचा आकडा असतो, दर राउटरला तो एकाने कमी होतो आणि शून्य झाला की पाकीट मरतं. इथरनेटच्या, म्हणजे स्विचच्या पातळीवरच्या, फ्रेमला असं मरण नाही. लूपमध्ये सापडलेली हाक फिरत राहते, तिच्या प्रती निघत राहतात, आणि स्विचला दुसरं काही सुचत नाही. यावरचा उपाय, स्पॅनिंग ट्री, राडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये शोधला: स्विच आपापसांत बोलून ठरवतात की कुठली वाट बंद ठेवायची. पण तो उपाय आमच्या त्या सातशे-आठशे रुपयांच्या बिनमॅनेज्ड स्विचमध्ये नव्हता. हळदीकुंकू मात्र त्यालाही वाहिलं होतं.

डीएनएसबद्दल फार लिहीत नाही. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडलेली ही नावांची वही आहे. नाव द्या, पत्ता घ्या. आयपीने पिंग होतो (म्हणजे ‘आहेस का?’ विचारल्यावर उत्तर येतं) आणि नावाने होत नाही, तर वही चुकलीय. एवढं पुरे. वेगाबद्दल मात्र एक सांगतो. इंटरनेटवाला १०० म्हणतो ते मेगाबिट, आणि तुम्ही फाइल कॉपी करता ते मेगाबाइट. आठाने भागा: १०० चे झाले साडेबारा. ऑफिसातल्या एक गिगाबिट केबलमधून फार तर १२५ मेगाबाइट दर सेकंदाला जातील, म्हणजे एक टेराबाइटला सगळं सुरळीत असलं तरी सव्वादोन तास. बॅकअप परत आणायला किती वेळ लागेल असं मालक विचारतील, तेव्हा हा भागाकार तोंडपाठ हवा.

भोसरीला परत जाऊ. पीसीवरून सर्व्हरला पिंग केलं: एक मिलिसेकंदाच्या आत उत्तर, एकही पाकीट हरवलेलं नाही. पहिला उच्छ्वास उघडला, पाणी वाहतंय. नेट स्लो नाही. घोळ पुढं.

वाडा आणि त्यातली बिऱ्हाडं

ज्याला त्यांनी ‘सर्व्हर’ म्हटलं ते यंत्र नव्हतंच. एका खऱ्या सर्व्हरच्या पोटात सहा व्हर्च्युअल मशीन होती, त्यातलं एक. सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यात कसं, मालक एक, बिऱ्हाडं बारा, प्रत्येकाचं दार वेगळं, चूल वेगळी, पण विहीर एक आणि सकाळची रांग एक. व्हर्च्युअलायझेशन म्हणजे हेच. वाड्याच्या मालकाला हायपरव्हायझर म्हणतात. प्रत्येक बिऱ्हाडाला तो पटवून देतो, की हा वाडा तुझ्या एकट्याचा.

कल्पना जुनी आहे. आयबीएमने १९६० च्या दशकातच मोठ्या यंत्राचे असे तुकडे केले होते आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० बाजारात आणलं. आपल्या साध्या पीसीच्या जातीच्या प्रोसेसरवर मात्र ते अवघड होतं. व्हीएमवेअर ही कंपनी १९९८ मध्ये निघाली आणि तिने ते सॉफ्टवेअरच्या करामतीनं जमवलं. २००५-०६ मध्ये इंटेल आणि एएमडी यांनी त्यासाठीची सोय थेट प्रोसेसरमध्येच घातली. २००७ मध्ये केव्हीएम हा हायपरव्हायझर लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, आला. २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतली, एकदाच पैसे भरून मिळणारी लायसन्स बंद झाली, आणि तेव्हापासून प्रॉक्समॉक्स किंवा हायपर-व्ही अशा दुसऱ्या हायपरव्हायझरकडं जाऊ का, हे विचारणारे फोन मलाही येतात. पुण्याला आठवण असलेला उलट्या दिशेचा प्रवासही आहे. सीडॅकने १९९१ मध्ये इथं उभा केलेला परम ८००० हा अनेक छोटे प्रोसेसर जोडून केलेला एक मोठा संगणक होता. तिथं अनेकांचं एक केलं. इथं एकाचे अनेक करतो.

प्रोसेसरच्या वाटपात नवी मुलं हटकून एक चूक करतात: मशीन स्लो आहे ना, मग दोनाचे आठ व्हीसीपीयू (मशीनला दिलेले व्हर्च्युअल प्रोसेसर) करू. रविवारी सकाळी मिसळीच्या हॉटेलसमोरची रांग आठवा. दोघं आलेत त्यांना चटकन जागा मिळते. आठ जणांचं कुटुंब एकत्रच बसायचं म्हणून उभं राहतं आणि चार जोडपी त्यांच्या समोरून आत जाऊन खाऊन बाहेर येतात. आजकालचे हायपरव्हायझर आठही जागा एकदम मिळाल्याच पाहिजेत असा हट्ट धरत नाहीत, पण रांगेचा नियम फारसा बदललेला नाही. मशीनच्या आतून बघितलं तर सीपीयू मोकळा दिसतो. प्रत्यक्षात ते बाहेर ताटकळत असतं. व्हीएमवेअरमध्ये या ताटकळण्याला ‘रेडी टाइम’ म्हणतात. तो बिऱ्हाडातून दिसत नाही, मालकाच्या ओसरीवरूनच दिसतो.

मेमरीचं थोडक्यात: मालकाने असलेल्यापेक्षा जास्त वाटून ठेवलेली असते. टंचाई आली की तो ज्या बिऱ्हाडाला तूर्त गरज दिसत नाही त्याच्या घरात एक फुगा फुगवतो, म्हणजे आतली ऑपरेटिंग सिस्टीम आपणहून पसारा आवरते आणि मोकळी झालेली जागा दुसऱ्याला मिळते. त्यानेही भागलं नाही तर मेमरीतला माल डिस्कवर टाकावा लागतो, आणि मग मेमरीची तक्रार डिस्कची तक्रार होऊन येते.

ट्रंकवरच्या चिठ्ठ्या आठवतात? मशीन चालू असतानाच एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवता येतं, हे या तंत्रातलं सगळ्यात देखणं काम. मशीन हललं, आणि त्याच क्षणी त्याचं नेटवर्क गेलं. मशीनमध्ये काही बदललेलं नाही, पत्ता तोच, मास्क तोच. तास-तास लोक मशीनच्या आत शोधत बसतात. खरी गोष्ट एवढीच असते, की दुसऱ्या सर्व्हरची केबल स्विचच्या ज्या पोर्टात आहे, त्या ट्रंकवर त्या व्हीलॅनची परवानगी द्यायची राहिलेली असते. नेटवर्कवाला म्हणतो माझं सगळं ठीक, सर्व्हरवाला म्हणतो माझं सगळं ठीक, आणि दोघंही खरं बोलत असतात.

कंटेनर म्हणजे काय, असं विचाराल तर: वेगळं बिऱ्हाड नव्हे, एकाच बिऱ्हाडातल्या वेगळ्या खोल्या. कर्नल सगळ्यांचा एक. २०१३ मध्ये डॉकर आल्यापासून त्याचा बोलबाला झाला. तो वेगळा विषय आहे, इथं नको.

भोसरीच्या त्या मशीनच्या आत गेलो. सीपीयू पंधरा टक्के, मेमरी मोकळी. ओसरीवरून रेडी टाइम बघितला, नगण्य. मग डिस्कचा लेटन्सीचा, म्हणजे एका कामाला किती वेळ लागतो त्याचा, आलेख उघडला. एरवी आठ-दहा मिलिसेकंद असणारी रेघ बरोबर साडेअकराला उभी चढून साठ-सत्तरवर गेली होती.

फिरणारी डिस्क किती काम करते

स्टोरेजवर मी जरा जास्त रेंगाळणार आहे. नेटवर्क तुटलं तर पुन्हा जोडता येतं, सर्व्हर जळला तर नवा आणता येतो. डेटा मात्र गेला की गेला.

दुकानदार डिस्कची जागा विकतो: चार टेराबाइट, आठ टेराबाइट. तुम्ही घ्यायला हवा तो वेग. (जागेतही एक गंमत आहे, कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने, म्हणून एक टेराबाइटची डिस्क ९३१ गिगाबाइट दिसते. कुणी चोरलेली नसते.) ७२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला १२० फेऱ्या मारते. एका फेरीला ८.३ मिलिसेकंद. हवा तो भाग सुईखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे ४.२. सुईला योग्य वर्तुळावर पोचायला आणखी आठ-नऊ. झाले साडेबारा. म्हणजे इकडं-तिकडं विखुरलेली कामं असतील तर अशी डिस्क सेकंदाला ऐंशीच्या आसपास कामं करते. ऐंशी! याच आकड्याला आयॉप्स म्हणतात. एसएसडीत फिरणारं काहीच नसल्यामुळं तेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात होतं आणि आयॉप्स हजारोंच्या घरात जातात. एकच लांबलचक फाइल वाचायची असेल तर फिरणारी डिस्कही छान पळते. तिला मारतात त्या छोट्या-छोट्या विखुरलेल्या मागण्या. आणि सहा बिऱ्हाडं एका विहिरीवर आली की मागण्या विखुरलेल्याच असतात.

एका डिस्कवर विसंबायचं नाही म्हणून रेड, म्हणजे अनेक डिस्क एकत्र बांधून एकीसारख्या वापरणं. १९८८ मध्ये बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी हा विचार मांडला. रेड १ म्हणजे हुबेहूब दोन प्रती. रेड १० म्हणजे अशा जोड्यांवर डेटा पसरणं. रेड ५ जरा हुशारीचं आहे. किराणा दुकानातली वही घ्या: तीन रकमा ४, ७ आणि २, खाली बेरीज १३. मधली रक्कम पुसली गेली तरी १३ वजा ६, आली ७. तीन डिस्कवर डेटा, चौथीवर बेरीज, आणि ही बेरजेची जागा आळीपाळीने फिरती. (प्रत्यक्षात बेरीज नसून एक्सऑर असतं, पण तर्क हाच.) कुठलीही एक डिस्क गेली तरी काम चालू राहतं. रेड ६ मध्ये दोन वेगवेगळे हिशेब ठेवतात, दोन डिस्क गेल्या तरी चालतं.

फुकट काहीच नाही. रेड ५ वर एक रक्कम बदलायची तर जुनी रक्कम वाचा, जुनी बेरीज वाचा, नवी रक्कम लिहा, नवी बेरीज लिहा. एका लिहिण्याची चार कामं. चार डिस्कच्या रेड ५ चा हिशेब करा: चार गुणिले ऐंशी, ३२०, भागिले चार, ऐंशी. चार डिस्कचे पैसे मोजून विखुरलेल्या लिखाणाचा वेग एका डिस्कचाच. रेड १० मध्ये एका लिहिण्याची दोनच कामं, म्हणून डेटाबेस आणि व्हर्च्युअल मशीनसाठी फिरत्या डिस्क घ्यायच्याच असतील तर मी रेड १० सांगतो. निम्मी जागा जाते म्हणून मालक कुरकुरतात. कुरकुरू देत.

रेड ५ बद्दलचा माझा दुसरा आक्षेप मोठ्या डिस्कबाबत आहे. एक डिस्क मेली की नवीवर मजकूर पुन्हा रचताना बाकीच्या सगळ्या डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, की १० चा चौदावा घात एवढे बिट वाचताना एखादी न वाचता येणारी जागा लागू शकते. म्हणजे साडेबारा टेराबाइट. आठ-आठ टेराबाइटच्या चार डिस्क असतील तर पुनर्रचनेत २४ टेराबाइट वाचावे लागणार. प्रत्यक्षात डिस्क माहितीपत्रकापेक्षा बऱ्या वागतात, पण ज्या दिवशी वागणार नाहीत तो दिवस नेमका हाच असतो. मोठ्या डिस्क, तर रेड ६.

या सगळ्याला वेग देते ती कंट्रोलरवरची (डिस्क सांभाळणाऱ्या कार्डावरची) कॅश, म्हणजे तात्पुरती वेगवान मेमरी. लिहायचं ते आधी तिथं ठेवायचं, “झालं” म्हणून सांगायचं आणि सवडीनं डिस्कवर उतरवायचं. मधेच वीज गेली तर? म्हणून तिला बॅटरी असते. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद असते हे आपल्याला पाठ आहे, पण कंट्रोलरची बॅटरी दोन-चार वर्षांत संपते हे कुणाच्या गावी नसतं. बॅटरी संपली की बरेच कंट्रोलर सावधगिरी म्हणून कॅशमध्ये लिहिणंच थांबवतात. डेटा सुरक्षित, वेग मात्र रातोरात पडतो. कुणी काहीही बदललेलं नसताना सर्व्हर अचानक मंदावला, तर हा उच्छ्वास आधी उघडा.

डिस्क सर्व्हरपासून लांब ठेवायची तर दोन तऱ्हा. एनएएस तुम्हाला फाइल देतं: तालमीतल्या सामायिक कपाटासारखं, कप्पे त्याने लावलेले, तुम्ही वस्तू मागायची. सॅन तुम्हाला कोरी डिस्क देतं, जिला लन म्हणतात. कप्पे तुम्ही लावायचे. कोरी डिस्क दोन सर्व्हरना एकदम दिली आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नसेल, तर एकाने लावलेले कप्पे दुसरा मोडतो. सॅनची जोडणी फायबर चॅनलची असो की साध्या इथरनेटवरून चालणाऱ्या आयस्कझीची, हा नियम सारखाच.

थिन प्रोव्हिजनिंग, म्हणजे असलेल्यापेक्षा जास्त जागा कबूल करणं, हे लग्नाच्या आमंत्रणासारखं. पत्रिका आठशे, स्वयंपाक पाचशेचा, कारण सगळे येत नाहीत हा अनुभव. दहा मशीनना शंभर-शंभर गिगाबाइट सांगायचे, प्रत्यक्षात सहाशेच ठेवायचे. चालतं, उत्तम चालतं. फक्त भटारखान्यात कुणीतरी उभं हवं. सगळे आले आणि पंगत अर्ध्यावर संपली, तर डेटास्टोअर (सगळ्या मशीनच्या डिस्क ठेवायची सामायिक जागा) भरतं आणि ज्याला जागा लागेल ते प्रत्येक मशीन एकदम थांबतं. ज्याने कमी खाल्लं तेही.

आता विहिरीत पडलेल्या दोरीची गोष्ट. एका ऑफिसात मीच सगळी मशीन एनएएसवर ठेवली होती. सर्व्हरला एनएएसचा पत्ता आकड्यांत न देता नावाने दिला, कारण ते जास्त नीटनेटकं दिसतं. एका गुरुवारी वीज अपेक्षेपेक्षा जास्त वेळ गेली, यूपीएस संपला, सगळं बंद पडलं. वीज आली. सर्व्हर उठला आणि एनएएसचं नाव डीएनएसला विचारू लागला. डीएनएस सर्व्हर हे एक व्हर्च्युअल मशीन होतं. ते मशीन त्याच एनएएसवर होतं. आठवडाभर तीनही गोष्टी सुटसुटीत चालल्या होत्या. कुठलीच बिघडलेली नव्हती. तेव्हापासून स्टोरेजचा पत्ता मी आकड्यांतच देतो, आणि कुठलं यंत्र कुणाच्या आधी उठलं पाहिजे याचा कागद रॅकच्या दाराला आतून चिकटवलेला असतो.

साडेअकराला काय होत होतं

तर डिस्क. चार फिरत्या डिस्क, रेड ५, सहा मशीन. म्हणजे लिखाणाचे आयॉप्स ऐंशी, कॅशच्या कृपेने थोडे जास्त. पण मग बाकीचा दिवस बरा आणि साडेअकरालाच गळा का आवळला जातो?

मशीन एकेक करून बघितली. सहाही मशीन मी एकाच टेम्पलेटवरून, म्हणजे तयार साच्यावरून, काढली होती. टेम्पलेटमध्ये अँटिव्हायरसच्या पूर्ण स्कॅनची वेळ ठेवलेली: ११:३०. मला रात्रीचे साडेअकरा म्हणायचं होतं. तिथं चोवीस तासांचं घड्याळ होतं. सहाही बिऱ्हाडं रोज एकाच मिनिटाला कळशा घेऊन विहिरीवर येत होती.

एवढंच असतं तर मी थोडक्यात सुटलो असतो. अकाउंट्सच्या मशीनवर एक स्नॅपशॉट सापडला, तीन महिन्यांपूर्वीचा, पॅच टाकायच्या आधी घेतलेला. नोंदीत नाव माझं. स्नॅपशॉट घेतला की मूळ डिस्क गोठते आणि त्यानंतरचा प्रत्येक बदल वेगळ्या फाइलीत लिहिला जातो. वाचताना दोन्हीकडं बघावं लागतं. व्हीएमवेअर स्वतः सांगते की तो ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नका. इथं नव्वद दिवसांचे बदल साठून ती फाइल मूळ डिस्कच्या निम्म्याहून मोठी झाली होती. शिवाय मालक त्यालाच बॅकअप समजत होते. तो बॅकअप नव्हे. मूळ डिस्क गेली तर बदलांची वही घेऊन काय करणार? बॅकअप म्हणजे तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक इमारतीबाहेर. आणि मी त्यात भर घालतो, की अधूनमधून खरोखर परत उतरवून बघितलेला.

आधी बॅकअप घेतला. स्कॅनच्या वेळा रात्रीच्या केल्या, आणि तेही मशीनमागं पाऊण तासाचं अंतर ठेवून. स्नॅपशॉट रविवारी मिटवला, कारण मिटवताना साठलेले सगळे बदल मूळ डिस्कवर लिहावे लागतात आणि ते काम सोमवारी साडेअकराला करण्यासारखं नव्हतं. पाच तास लागले.

सोमवारी दुपारी अकाउंट्सच्या काकूंचा फोन आला. व्हाउचर लगेच सेव्ह होतंय म्हणाल्या. “बघा, मी म्हणत होते ना, नेटच स्लो होतं.”

मी “हो” म्हटलं.